मकोच्या बरणीतलं अभल

आमच्या दुकानात अभल मागायला आलेली बाई हमखास आवाज खाली आणायची. अप्पाही तेवढ्याच हळू आवाजात विचारायचे, "कुणासाठी पाहिजे?" उत्तर देताना ती जमिनीकडे बघायला लागली की अप्पा बरणीला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "बाई, हे काम या फळाचं न्हाई. सरकारी दवाखान्यात जा. तिथं लेडी डॉक्टर हाय, तुला कुणी ओरडणार न्हाई." काही जणी रागावून जायच्या. एक जण पायरीवर बसून रडली होती. अप्पांनी तिला पाणी दिलं, पण अभल दिलं नाही.

उदगीरला आमचं काष्ठौषधीचं दुकान. आजोबांनी सुरू केलेलं, अप्पांनी चाळीसेक वर्षं चालवलेलं. अभल म्हणजेच हाऊबेर. हिमालयाकडच्या एका काटेरी झुडपाची वाळलेली फळं. वाटाण्याहून लहान, जांभळट काळी, वर धुरकट साय धरल्यासारखी. नखानं दाबलं की आत तपकिरी गर आणि दोन-तीन टणक बिया लागतात, आणि देवदाराच्या नव्या फळीवर सुतारानं रंधा मारावा तसा वास सुटतो. युनानीवाले त्याला अभल म्हणतात, वैद्य हपुषा म्हणतात, आमच्याकडच्या म्हाताऱ्या हाऊबेर म्हणतात. माल यायचा हैदराबादहून, आजोबांच्या काळापासून त्याच पेठेतून.

त्यात वाईट असं काही नव्हतं. पोट फुगलं, अन्न अंगी लागेना झालं की ओवा आणि शेंदेलोणाबरोबर अप्पा हाऊबेराची पूड द्यायचे. गुडघ्याच्या तेलात ते पडायचं. आमची अव्वा, म्हणजे आई, लिंबाच्या खारात मूठभर दाणे ठेचून टाकायची आणि तो खार वर्षभर मुरू द्यायची. जड जेवण झालं की बोटभर चाटायला मिळायचा. पावसाळ्यात कढीला जिऱ्याबरोबर दोन दाणे फोडणीत जायचे. दोनच. तिसरा पडला तर कढीला फर्निचरचा वास येतो, असं ती म्हणायची. पण तेच फळ पोटुशी बाईच्या पोटात गेलं तर गर्भाशय आवळतं, असं अप्पांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं आणि अप्पांनी ते मला सांगितलं होतं. मी चौथीत होते तेव्हापासून.

दुकानात बसायचं तर तीन गोष्टी करायच्या, हा अप्पांचा नियम होता. "आधी इचार, मग फोड, मग हुंग." म्हणजे कुणासाठी ते विचारायचं, दाणा नखानं फोडून आत बघायचं, आणि वास घेऊन खात्री करायची. बरणीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही. "चिठ्ठी माणूस लिहितो," ते म्हणायचे, "वास झाड लिहितं."

ज्या दिवसाबद्दल मी सांगतेय, त्या दिवशी मी या तिन्हींतलं काहीच केलं नाही.

बी.एस्सी. झाले होते, बी.एड.च्या प्रवेशाची वाट बघत घरी होते. करोना येऊन गेल्याला दीडेक वर्ष झालं असेल. अव्वा तिच्या बहिणीकडे भालकीला गेली होती, आठ दिवस झाले होते. बाजाराचा दिवस होता आणि अप्पा मागच्या खोलीत हैदराबादहून आलेला माल बरण्यांत भरत होते. पुढं मी एकटी.

अकराच्या सुमारास एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नऊवारी, हातात पिशवी. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या डोकावत होत्या. "मको हाय का गं बाई? वाळलेली?"

मको म्हणजे कामोणीची वाळलेली फळं. सुजेवर देतात. तीही काळपट, सुरकुतलेली, बारीक गोल.

"आहे ना मावशी. किती देऊ?"

"दे छटाकभर. सुनंचे पाय लई सुजलेत. आमच्या जावंनं सांगितलं, उकळून पाजा म्हणून."

माझ्यापुढं आणखी चार गिऱ्हाइकं उभी होती. एकाला त्रिफळा, एकाला डिंक, एक जण नुसताच भाव विचारत होता. मी मकोची बरणी काढली. ती गच्च भरलेली होती, अप्पांनी सकाळीच भरली होती. काट्यावर टाकलं, पुडी बांधली, दोरा गुंडाळला. "दोन चमचे कुटून दोन गिलास पाण्यात घाला, अर्धं राहीपर्यंत उकळा," असंही वर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं बाई, जीप सुटंल माझी," आणि गेल्या.

विचारलं नाही, फोडलं नाही, हुंगलं नाही.

बारा वाजून गेल्यावर गर्दी ओसरली आणि आमचे जुने गिऱ्हाईक आले. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. घरी स्वतःपुरता अर्क काढायचे, यकृतासाठी म्हणून महिन्याला मको न्यायचे. मी त्यांना चाचा म्हणायचे. पुडी बांधायच्या आधी चाचांनी नेहमीसारखे चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली धरला आणि थांबले.

"बेटी, ये मको नई है."

"मकोच आहे चाचा. अप्पांनी आजच भरलीय."

त्यांनी उरलेल्यातला एक दाणा नखानं चिरला आणि माझ्या नाकापुढं धरला. "सूंग. दाना भी बडा है. अभल है ये."

देवदाराचा वास. मी बरणीत हात घातला, मूठ बाहेर काढली, ती नाकाशी नेली. सगळी बरणी तीच होती. माझ्या हाताला घाम सुटला तो मला आजही आठवतो, कारण दाणे तळव्याला चिकटले होते आणि झटकले तरी पडत नव्हते.

आणि मग त्या हिरव्या बांगड्या आठवल्या. सुनंचे पाय सुजलेत. हिरवा चुडा. डोहाळजेवण.

मी मागच्या खोलीत धावले. "अप्पा, मकोच्या बरणीत अभल आहे."

अप्पा पोत्याजवळ बसले होते. त्यांनी वर बघितलं, माझ्या हातातले दाणे घेतले, नाकाशी धरले, दीर्घ श्वास घेतला. "मकोच हाय की."

"अप्पा, वास घ्या."

"घेतला की."

"परत घ्या."

त्यांनी परत घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. वास आल्यावर माणसाच्या नाकपुडीजवळ, भुवईजवळ काहीतरी हलतं, ते हललं नाही. चाचा माझ्या मागून येऊन दारात उभे होते. अप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि दाणे खाली ठेवले.

"येत न्हाई," ते म्हणाले. "करोनापासून काहीच येत न्हाई."

दीड वर्ष हा माणूस रोज माझ्यादेखत पुड्या हुंगून देत होता. हुंगायचं, मान हलवायची, बांधायचं. त्यांचा वासच गेला होता आणि मान मात्र तशीच हलत राहिली होती.

पण त्यावर रागवायला वेळ नव्हता. मी त्या बाईंचं सांगितलं. सून, सूज, बांगड्या. अप्पा ताडकन उठले. "कुण्या गावची?"

"माहीत नाही. जीप सुटेल म्हणाल्या."

"बांगड्या कुठून घेतल्या असतील?"

ते मला सुचलंच नव्हतं. आमच्यापासून पाचव्या दुकानात बांगडीवाले होते. आम्ही दोघं तिथं पोचलो तर ते नमाजाला निघायच्या तयारीत होते. अप्पांनी विचारलं, हिरव्या बांगड्या, नऊवारी, पन्नाशी. बांगडीवाल्यांनी जरा आठवल्यासारखं केलं.

"हाव, हाव. देवणीच्या पुढं त्यांचं गाव हाय. सुनंचा सातवा चालू हाय, उद्या डोहाळजेवण. सात जणींचा चुडा नेला त्यांनी." गावाचं नाव त्यांनी सांगितलं. फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता. "कामून, काय झालं?"

अप्पा म्हणाले, "माझ्याकडून चुकीचं औषध गेलंय."

'पोरीकडून' म्हणाले नाहीत. मी मात्र ते ऐकलं आणि मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाचांनी दुकानाची फळी लावून घेतो म्हणून सांगितलं. मी स्कूटर काढली, अप्पा मागं बसले. खिशात त्यांनी बरणीतल्या दाण्यांची पुडी बांधून घेतली होती. "डॉक्टरला दाखवावी लागली तर," म्हणाले.

देवणीचा रस्ता त्या वर्षी खोदून ठेवलेला होता. एका बाजूला खडी, एका बाजूला ट्रॅक्टर. जीप दीड तासापूर्वी निघालेली. मी मनात हिशोब मांडत होते. आता त्या घरी पोचल्या असतील. आधी पाणी पितील. मग बांगड्या दाखवतील. मग जेवण. पुडी संध्याकाळपर्यंत सोडणारच नाहीत. किंवा आल्या आल्या चुलीवर पातेलं ठेवतील. सुनेची काळजी असलेली सासू होती, उदगीरपर्यंत त्यासाठी आली होती. ती कशाला संध्याकाळची वाट बघेल?

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी वाऱ्यावर ओरडून विचारलं.

अप्पा म्हणाले, "तुझ्या अव्वाला ठाऊक हाय."

"काय?"

"माल आला की नमुने घरी नेत होतो ना. ती हुंगून सांगायची. मग मी बरण्या भरायचो."

मला ते नमुने आठवले. रात्रीच्या जेवणाआधी ओट्यावर मांडलेल्या कागदाच्या पुड्या, आणि अव्वा एकेक उघडून बघतेय. मला वाटायचं ती मसाल्याचं सामान निवडतेय. आणि या खेपेला अव्वा भालकीला होती.

"दोन्ही पोती शेजारी होती," अप्पा म्हणाले. "चष्म्यातून सारखीच दिसली. मला वाटलं, इतकी वर्षं झाली, हाताला कळंल."

देवणीत फाट्यावर एकाला रस्ता विचारला, त्यानं दाखवला तो शेतातून जाणारा निघाला आणि आमची दहा मिनिटं गेली. एका ठिकाणी पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची जनावरं रस्ताभर पसरलेली. हॉर्न वाजवला तरी त्यांना काही घाई नव्हती. अप्पा खाली उतरले आणि हातांनी एकेका गाईला बाजूला सारत चालायला लागले. साठी उलटलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, जन्मात कधी घाईत चालताना न पाहिलेला माणूस. मला तेव्हा रडू आलं, पण चालवायचं होतं.

गावात शिरल्यावर घर शोधावं लागलं नाही. दारात केळीचे खुंट आणून टाकलेले होते, ओसरीवर दोन बाया तांदूळ निवडत होत्या. त्याच मावशी हातात पितळी गिलास घेऊन बाहेर आल्या. गिलास रिकामा होता.

"अगं बया! दुकानातली पोरगी न्हाई का तू?"

मी गिलासाकडे बघत होते. "मावशी, तो काढा..."

"आत्ताच दिला की. अर्धा पिली. कडू लागतंय म्हणून बाकीचा पातेल्यात वतून ठिवलाय. कामून?"

अप्पा पुढं झाले. दोन्ही हात जोडले. "बाई, माझ्या दुकानातून चुकीचा माल आला. ती मको न्हाई. पोटुशी बाईला द्यायचं औषध न्हाई ते. चूक माझी हाय. बाकीचं तिला देऊ नका, अन् तिला लगेच डॉक्टरकडं न्यावं लागंल."

तांदूळ निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. मावशींना आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि त्यांनी छातीवर हात मारून घेतला. आतून एक तरणाबांड माणूस बाहेर आला, तो धाकटा दीर. त्यानं काय झालं ते ऐकलं आणि सरळ अप्पांच्या सदऱ्याला धरलं.

"काय पाजलंय तिला? बोल! काय पाजलंय?"

"अभल," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही, सदरा सोडवायचा प्रयत्न केला नाही. "हाऊबेर म्हणतात. अर्धा गिलासच गेलाय. मला तिला बघू द्या."

"तू कोण डॉक्टर हायेस का?"

"न्हाई. म्हणूनच म्हणतो, डॉक्टरकडं चला."

दारात आता आणखी माणसं जमली होती. कुणीतरी माझ्या स्कूटरची किल्ली काढून घेतली होती. मला एकदम वाटलं की इथून आम्ही दोघं धड बाहेर पडत नाही. आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, "आत्या, लाइट बंद करा ना. डोळ्यापुढं लई चमकतंय."

खोलीत लाइट लावलेलाच नव्हता.

अप्पांनी मान वळवली. ते ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तोवर पाहिलेलं नव्हतं. तोवर नुसती लाज होती. आता वेगळं होतं. "पोरी, तू आत जा," ते मला म्हणाले. "मला जाऊ देणार न्हाईत. तोंड सुजलंय का बघ. डोकं दुखतंय का इचार, कधीपासनं ते इचार."

मावशींनी मला अडवलं नाही. सून पलंगावर उशीला टेकून बसली होती. माझ्याच वयाची असेल. चेहरा असा फुगलेला की डोळे बारीक झालेले, बोटातली अंगठी मांसात रुतलेली. मी तिचा हात धरला.

"डोकं दुखतं का?"

"चार दिस झाले. इथं." तिनं कपाळ दाबलं. "आज सकाळपासनं समोर काजवे दिसायलेत. अन् इथं पण दुखतंय," तिनं बरगडीखाली हात ठेवला.

"काढा प्यायल्यावर दुखायला लागलं?"

"न्हाई हो. सकाळपासनंच."

मी बाहेर येऊन शब्दन् शब्द सांगितला. अप्पांनी डोळे मिटले. मग त्या दिराकडे वळून म्हणाले, "दादा, माझं काय करायचं ते नंतर करा. मी कुठं पळून जात न्हाई, माझं दुकान उदगीरात हाय, समद्यांना ठाऊक हाय. पण तिचं डोकं दुखतंय, डोळ्यापुढं चमकतंय, अंगभर सूज हाय. हे माझ्या काढ्याचं न्हाई, हे आधीचं हाय. अन् काढ्याहून वाईट हाय. माझी बहीण यातच गेली. तिला झटके आले होते."

अप्पांना एक बहीण होती आणि ती बाळंतपणात गेली, एवढंच मला माहीत होतं. झटक्यांचं मी तिथं पहिल्यांदा ऐकलं.

"पाय तर समद्यांचेच सुजतात," मावशी म्हणाल्या. "उद्या कार्यक्रम हाय. पाव्हणे निघालेत."

"पाव्हणे जेवून जातील, बाई. पोरगी राहिली पाहिजे."

दिरानं सदरा सोडला. पण किल्ली परत दिली नाही. "हा म्हातारा आमच्याबरोबर जीपमध्ये बसंल," तो म्हणाला. "तिला काही झालं तर मग बघतो."

अप्पा म्हणाले, "बसतो."

जीप शेजाऱ्याची होती. मागच्या बाकावर सून, तिचं डोकं मावशींच्या मांडीवर. समोर अप्पा आणि दीर, गुडघ्याला गुडघा लावून. मी तिच्या पायांशी. खड्ड्यातून जीप उसळली की ती कण्हायची आणि दीर अप्पांकडे बघायचा. अप्पांचं सगळं लक्ष तिच्या पोटाकडे होतं. मधूनमधून ते मला विचारायचे, "पोट कडक व्हतंय का बघ." मी हात ठेवायचे. एकदा ते दगडासारखं झालं. मी हात तसाच धरून ठेवला. मग सैल झालं. परत झालं नाही, पण ते एकदाचं पुरे होतं. आजही गाडीत खड्डा आला की माझा तळहात आपोआप उघडतो.

उदगीरच्या सरकारी दवाखान्यात लेडी डॉक्टर होत्या. अप्पांनी कुणी विचारायच्या आधीच पुढं होऊन सांगितलं. काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं, कसं उकळलं. खिशातली पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पुडीकडे बघितलं आणि अप्पांकडे बघितलं. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्हाला झोप नाही," त्या म्हणाल्या. अप्पा "बरोबर हाय," म्हणाले.

मग त्यांनी बीपी घेतलं. एकदा घेतलं, पट्टा सोडून परत घेतलं. नर्सला काहीतरी पटापट सांगितलं आणि एकदम खोलीत सगळं हलायला लागलं. सुई, सलाईन, लघवीची नळी. आम्हाला बाहेर काढलं.

बाहेरच्या बाकावर मावशी, दीर, अप्पा आणि मी. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आल्या. "काढ्याचं आम्ही लक्ष ठेवतोय," त्या म्हणाल्या, "पण अर्ध्या गिलासानं आत्ता मोठं काही दिसत नाही. खरी भीती बीपीची आहे. एवढं बीपी असताना तुम्ही तिला घरी कसं ठेवलं? आज-उद्यात झटका आला असता. इंजेक्शन दिलंय, लातूरला पाठवतेय, तिथं बाळाची सोय आहे."

मावशी तिथंच खाली बसल्या. मग अप्पांकडे सरकल्या आणि त्यांचे पाय धरायला लागल्या. "देवासारखे आलात हो. देवच आला आमच्या दारात."

अप्पांनी पाय मागं ओढले, असे की बाक सरकला. "न्हाई बाई. असं बोलू नका. मी चुकून आलोय. माझ्या चुकीपायी आलोय. मला देव करू नका."

दीर उभा होता. त्यानं खिशातून माझी किल्ली काढली, बाकावर ठेवली आणि ॲम्ब्युलन्सकडे गेला. त्यानं माफी मागितली नाही. आम्हीही अपेक्षा केली नव्हती.

लातूरला तिला पाच दिवस धरून ठेवलं आणि मग बाळ काढावं लागलं. मुलगी. काचेच्या पेटीत महिनाभर होती. हे आम्हाला बांगडीवाल्यांकडून कळत राहिलं. अप्पा रोज सकाळी त्यांच्या दुकानापाशी जाऊन उभे राहायचे. विचारायचे नाहीत, नुसते उभे राहायचे, आणि ते आपण होऊन सांगायचे. "आज आईचं दूध दिलं म्हणे." "आज वजन वाढलं म्हणे." ज्या दिवशी मायलेकी घरी आल्याचं कळलं, त्या दिवशी अप्पांनी दुकान उघडलं. तोवर बंदच होतं.

मावशी पुन्हा आमच्या दुकानात आल्या नाहीत. समजू शकते मी. त्यांच्या सुनेला चुकीचं औषधही आणि वेळेवर दवाखानाही एकाच दारानं मिळाला होता, आणि अशा दारात माणसानं पुन्हा कशाला जावं?

अव्वा भालकीहून परतली तेव्हा मला वाटलं ती अप्पांना बोलेल. ती मलाच बोलली. "तुला नाक न्हाई का? त्यांचं गेलं, तुझं कुठं गेलं होतं?" नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, आधीच घासलेली. दीड वर्ष तिनं हे झाकून ठेवलं होतं. कशासाठी, असं मी कधी विचारलं नाही. नवऱ्याची चाळीस वर्षांची पत तिच्या नाकावर उभी होती, ती तिला सोडवत नसेल.

अप्पांनी मात्र झाकणं सोडलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायला लागले. "मला वास येत न्हाई. पुडी तुम्ही स्वतः हुंगून घ्या, किंवा पोरीच्या अव्वाला इचारा." काही गिऱ्हाइकं हसली. काही जण पलीकडच्या दुकानात जायला लागले. एक वैद्य, वीस वर्षांचे गिऱ्हाईक, ऐकून उठलेच. चाचा मात्र येत राहिले, आणि आले की मुद्दाम मोठ्यानं म्हणायचे, "आज क्या पिला रहे मको के नाम पे?" अप्पा त्यावर हसायचे, आणि ते हसणं बघायला मला त्रास व्हायचा.

त्यानंतर अव्वा दुकानात बसायला लागली. आमच्या पेठेत बाया गल्ल्यावर बसत नव्हत्या असं नाही, पण काष्ठौषधीच्या दुकानात बसत नव्हत्या. अभल मागायला येणाऱ्या बायांना आता आवाज खाली आणावा लागत नाही. अव्वा त्यांना आत बोलावते, बसवते, विचारते. अप्पांपेक्षा तिला जास्त कळतं. जिला खरंच दवाखान्यात जायला पाहिजे, तिच्याबरोबर ती स्वतः गेली आहे, दोनदा तरी.

मी बी.एड. केलं, आता नांदेडला शाळेत विज्ञान शिकवते. सुटीला उदगीरला जाते. एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं होतं की रोज चार वास घ्या, लक्ष देऊन, म्हणजे कधीकधी परत येतो. ते रोज सकाळी ओट्यावर चार वाट्या मांडून बसतात. वर्षं झाली. मागच्या दिवाळीत मी गेले तेव्हा ते म्हणाले, "आता येतोय थोडा."

मला विश्वास ठेवायचा होता. पण मी एकदा ठेवला होता. म्हणून मी म्हणाले, "डोळे मिटा."

त्यांनी मिटले. मी एक वाटी त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी श्वास घेतला, थांबले, परत घेतला. भुवई हलली की नुसती मला हललीशी वाटली, सांगता येणार नाही.

"जिरं," ते म्हणाले.

"नाही अप्पा. धने."

त्यांनी डोळे उघडले, वाटीत बघितलं. "बरं," म्हणाले, आणि दुसरी वाटी स्वतःच उचलून माझ्या हातात दिली.